सगुणाबाईंचा वाटा

सगुणाबाई कधी दार वाजवत नसत. बाहेर उभं राहून "आहे का कोणी" असंही विचारत नसत. सरळ आत यायच्या, चुलीपाशी पाट ओढून बसायच्या आणि समोर जे काम पडलं असेल ते हातात घ्यायच्या. तांदूळ असले तर निवडायच्या, शेंगा असल्या तर सोलायच्या. बोलणं त्यानंतर.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी रडत होते. लग्न होऊन आलापल्लीला येऊन आठवडाही झाला नव्हता. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. उशापायथ्याशी समुद्र ऐकत वाढलेली मी, आणि इथं कौलारू चाळीच्या मागच्या कुडापासूनच सागाचं रान सुरू होई. माझे यजमान जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे रानाची राखण करणारे. ज्या भागात त्या वर्षी सागाची तोड चालू असेल तिथं, कूपावर, ते पंधरा पंधरा दिवस मुक्कामाला असत. शाळा मी पाचवीत सोडलेली, माणसांशी बोलायची सवय नाही, आणि इथली बोली तर मला निम्मी कळतच नसे.

एक धिप्पाड, काळीसावळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई आत आली, बसली, सूप ओढून घेतलं आणि म्हणाली, "तू रडून घे पोरी. मी तांदूळ निवडतो तवरिक."

मी इतकी चकित झाले की रडायचंच विसरले. तिकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या शेजारच्याच खोलीत राहायच्या. मिशननं त्यांना गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायला, येशूच्या गोष्टी सांगायला नेमलं होतं. लोक त्यांना मिशनबाई म्हणत. घराणं मूळचं ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं, गोंडपिपरीकडच्या एका तळ्याकाठचं. वडील ख्रिस्ती झाले तेव्हा जातवाल्यांनी पाणी तोडलं. पण बाईंच्या बोटांतून जाळं काही गेलं नव्हतं. बोलता बोलता पदराचा काठ नाहीतर एखादी सुतळी हातात यायची आणि त्यांची बोटं गाठी मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. वाचताना मात्र बोटं स्थिर. पुढे डोळे अधू झाले तसं त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "वाच नाकेदारीण, मले दिसून नाई राह्यलं." मी अडखळत वाचायची. चुकले की त्या दुरुस्त करायच्या, कारण त्यांना ते सगळं पाठच होतं. हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं. पाचवीत सुटलेलं वाचन मला असं परत मिळालं. आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्यामुळे.

मी स्वभावानं भित्री. रानात वाघ, यजमान रानात, म्हणून मी सोमवार धरला होता, शनिवार धरला होता, आणि मध्येच कधी अस्वलाची बातमी आली की गुरुवारही. उपासाच्या दिवशी चुकून जिभेवर मिठाचा कण गेला तरी माझी छाती धडधडायची, की झालं, आता यांना काहीतरी होणार. एकदा अशीच भुकेनं चक्कर येऊन बसले होते, तर बाई आत आल्या.

"काऊन व, पिवळी पडली?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या देवाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, त्या दिवशीही नाही. फक्त म्हणाल्या, "तुले वाटते, तू उपाशी राह्यली म्हून तो वाघाले धरून ठेवते?"

"मग? आपण काही केलं नाही तर देव कशाला लक्ष देईल? तेवढी आपली लायकी तरी पाहिजे ना."

"लायकी कोनं इचारली तुले?" त्या म्हणाल्या. "सकाळी ऊन पडते तं घराघराचा दाखला पाह्यते का? कृपा म्हन्तेत ते हेच होय. ज्यानं मागतलं त्यालेई भेटते, जो झोपला त्यालेई भेटते."

"मग मागणाऱ्याचा फायदा काय?"

"फायदा पाहाचा असन तं बजारात जाय."

मी हसले. त्यांनी उठून भात टाकला आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. मी जेवले नाही, सोमवार होता. त्याही रागावल्या नाहीत. माझ्यासमोर बसून त्यांनी स्वतःच तो भात आंबाडीच्या भाजीशी मजेत खाल्ला. पण मधल्या काळात कधीतरी माझा गुरुवार सुटला, मग शनिवार सुटला. सोमवार अजून आहे. तो आता भीतीनं करत नाही, एवढाच फरक.

'लायकी कोनं इचारली' हे त्यांचं पालुपदच होतं. बाजारात रानातली पोटुशी माडियीण पाणी मागायला बिचकली की तिलाही तेच, आणि दारू पिऊन लाकडाच्या डेपोच्या दारात पडलेल्या हमालाला उठवून बसवतानाही तेच. पुढे मला हिवतापानं घेरलं. बाईंनी दिवसरात्र माझं केलं, उलट्यासुद्धा काढल्या. बरी झाल्यावर मी माहेरून आलेल्या नारळाच्या वड्यांचा डबाच त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, तुमचं कसं फेडू? त्यांनी एक वडी तोंडात टाकली, डबा माझ्याकडे सरकवला. "वडी देऊन राह्यली तं दे. फेडून राह्यली असन तं ठेव तुझ्यापाशी." मी डबा तिथंच राहू दिला. मग त्यांनीच आणखी एक घेतली.

अशी ही बाई, आणि ती स्वतः मात्र प्रभूभोजनाला बसत नसे.

हे मला मिशनच्या खोलीच्या खिडकीतून कळलं. चांद्याहून वर्षातून तीनचारदा मिशनचे धर्मगुरू, पाळकसाहेब, येत. उंच, किडकिडीत, सदऱ्याची सगळी बटणं लावलेले, कमी बोलणारे. चार ख्रिस्ती घरं जमत. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना भाकर मोडून दिली, त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब पोळीचा तुकडा आणि मनुकांच्या रसाचा घोट प्रत्येकाला देत. ताट फिरत फिरत सगुणाबाईंपाशी आलं की त्या ते तसंच पुढच्याच्या हातात देत. वर्षानुवर्षं. एकदा पाळकसाहेबांनी नंतर ओसरीवर त्यांना विचारलं तेव्हा मी दळण घेऊन तिथंच उभी होते.

"सगुणाबाई, तुम्ही सगळ्यांना सांगता, देव क्षमा करतो. स्वतःला नाही सांगत?"

"दुसऱ्याले सांगाले मिशननं ठेवलं मले," त्या म्हणाल्या. "सोताले सांगाले कोनी नाई ठेवलं."

 पाळकसाहेबांना कारण माहीत होतं. सगळ्या आलापल्लीला माहीत होतं, मला तेवढं बाईंनी स्वतः सांगितलं.

त्यांना एकच मुलगी, रूथ. तिनं लग्न केलं ते त्याच तळ्याकाठच्या मुलाशी, ज्या जातवाल्यांनी आजोबांचं पाणी तोडलं होतं त्यांच्याच घरात. बाई म्हणाल्या, आता तुझं तोंड पाहणार नाही. पुढे रूथचे दिवस भरले, तिनं निरोप धाडला, आई ये. बाई त्या वेळी दुसऱ्या गावात कुणा परक्या बाळंतिणीच्या उशाशी बसून होत्या. निरोप मिळाला, आणि त्या गेल्या नाहीत. रूथ बाळंतपणात गेली. मुलगी जगली.

"मी रागात होतो असं नाई," बाई सांगत होत्या, आणि बोटं सुतळीला गाठी मारत होती. "राग तं निरोप आला तवाच गेलता. पन मी म्हटलं, पाहू दे तिले वाट, एक दिवस. उद्या निंगू. तो एक दिवस मी ठेवून घेतला."

खरी गोष्ट याच्याही पुढची होती. नातीला सांभाळणारे सासरचे लोक वाईट नव्हते. लाकडाच्या लाऱ्या आलापल्लीहून आष्टीची नदी ओलांडून गोंडपिपरीवरून बल्लारशाला जात. त्या ड्रायव्हरांबरोबर ते दरसाल निरोप देत, की नात मोठी झाली, आजी कशी असते ते विचारते, येऊन पाहून जा. ड्रायव्हर दारातून ओरडून सांगे, "मिशनबाई, तुमाले बलावलं हाये तळ्यावर." बाई "हो हो" म्हणत, त्याला गुळाचा चहा पाजत, आणि जात नसत. नात आता नऊदहा वर्षांची झाली होती. बाजारात त्या वयाची मुलगी दिसली की सगुणाबाई बोलता बोलता थांबत. भाव करताना, हसताना, कशातही. मुलगी दिसेनाशी झाली की वाक्य पुढे सुरू.

मी एकदा म्हटलं, "जा ना बाई. एवढं बोलावतात."

"कोन्या तोंडानं जाऊ? तिच्या आईले दार लावलं अन लेकीच्या दारात उभी राहू?"

त्यांचंच पालुपद माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणायचा धीर झाला नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात यजमानांचं कूप भामरागडच्या वाटेवर होतं. मीही काही दिवस तिकडे गेले, सोबत सगुणाबाई. कूपाजवळच माडियांची दहाबारा घरांची वस्ती होती. तिथलं एक कुटुंब, लालसू आणि त्याची बायको, नुकतंच बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालं होतं. बाकीचं गाव आपल्या देवांचं, आपल्या रीतीचं. त्यावरून कुणी कुणाशी भांडल्याचं मी पाहिलं नाही.

आम्ही पोचलो त्याच दिवशी गावाची पारध परत आली. पुरुषांनी दोन रानडुकरं आणली होती. गावाच्या मध्यावर मोहाखाली त्यांनी पानं मांडली, घरटी एक, आणि मांस वाटू लागले. मी दुरून बघत होते. ज्यानं बाण मारला त्याचं पान, जो नुसता हाकारा घालत पळाला त्याचं पान. एक माणूस पाय मोडून घरात पडला होता, त्याचंही पान. एका म्हातारीच्या घरात कुणी पुरुषच उरला नव्हता, तिचंही. शेवटी गायत्यानं, म्हणजे गावच्या प्रमुखानं, आमच्याकडे पाहिलं आणि आणखी दोन पानं मांडायला सांगितली.

मी घाबरून म्हटलं, "बाई, आपण तर आत्ताच आलो. आपण काय केलं?"

सगुणाबाई त्या पानांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाह्य पोरी. इतके वर्सं मी बोंबलून राह्यलो, कृपा कृपा. यायच्या भाषेत शबद सापडत नोयता. अन हे तं इथी पानावर मांडून ठेवली हाये."

त्या दिवसापासून त्या लालसूला आणि बायकांना तसंच सांगू लागल्या. देव कसा देतो? पारधीचा वाटा देता तसा देतो. जो गेला त्यालाही, जो पडून राहिला त्यालाही. बायका माना डोलवायच्या. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. देव शहाणा दिसतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

नंतर पाळकसाहेब आले, बैलगाडीनं, घामाघूम, तरी बटणं लावलेलीच. लालसूच्या अंगणात प्रभूभोजन होतं. लालसू, त्याची बायको, कूपावरचे दोन ख्रिस्ती मजूर. बाकीचं गाव कडेला बसून बघत होतं, मीही त्यांच्यात. सगुणाबाईंनी सडा घातला, चटई टाकली, पोळी भाजून दिली, आणि नेहमीसारखं ताट पुढे सरकवायची वेळ येण्याआधीच भांडी उचलून ओढ्यावर गेल्या. या वेळी बसल्यासुद्धा नाहीत.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पोळी मोडली, दिली. सगळ्यांनी खाल्ली. लालसूनं आपला तुकडा खाल्ला, मग उठून पळसाचं पान तोडून आणलं आणि ताटात उरलेला एक तुकडा त्यावर ठेवला.

"हे काय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"बाईचा वाटा."

"लालसू, हे असं बाहेर नेत नाहीत. ज्याला घ्यायचं त्यानं विचार करून, स्वतः इथं यायचं असतं."

लालसूला कळेना. त्यानं बायकोकडे पाहिलं, कडेला बसलेल्या गायत्याकडे पाहिलं. मग मोडक्या मराठीत म्हणाला, "ते आली नाई म्हून तं नेतो, साहेब. आली असती तं इथीच खाल्ली असती."

कडेला बसलेली माणसं "हो" म्हणाली, अगदी साधेपणानं, एखादा हिशेब बरोबर आहे म्हणतात तशी. पाळकसाहेब त्या पानाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. ख्रिस्ती मंडळीचे नियम त्यांनी आयुष्यभर पाळले होते, आणि हा माणूस नियम मोडतो आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. पाळकसाहेबांनी खाली बसून रसाची बाटली उचलली, वाटीत घोटभर ओतला आणि वाटी लालसूच्या दुसऱ्या हातात दिली. "सांडू नको," एवढंच म्हणाले.

मी लालसूच्या मागोमाग ओढ्यावर गेले. सगुणाबाई राखेनं परात घासत होत्या. लालसू त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि पान दगडावर ठेवलं.

बाईंनी पाहिलं. त्यांना लगेच कळलं. हात राखेत तसेच राहिले.

"वापस ने बापू. मी नाई घेत हे."

"वाटा वापस नेत नाई."

"दुसऱ्या कोनाले दे."

"दुसऱ्याले त्याचा भेटला. हा तुझा." मग तो म्हणाला, "वापस नेला तं गाव इचारन, बाईचं आमच्याशी काऊन तुटलं? मी काय सांगू?"

बाई माझ्याकडे बघू लागल्या, जशी काही मी मधे पडेन. मी खाली मान घातली. लालसूनं घाई केली नाही. पानाला मुंग्या लागू नयेत म्हणून ते जरा वर, कोरड्या दगडावर सरकवलं आणि पाण्याकडे बघत बसला. त्याला बसायची सवय होती.

सगुणाबाईंनी हात धुतले. पुन्हा धुतले. पदराला पुसले. तुकडा उचलून तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या, जणू तो पोळीचा नव्हेच. मग रस घेतला. रडल्याबिडल्या नाहीत. लालसूला वाटी परत देत म्हणाल्या, "पोळी कच्ची राह्यली. मीच भाजली." लालसू हसला, पान ओढ्यात सोडलं आणि गेला.

बाई पुन्हा परात घासू लागल्या. घासता घासता मान वर न करता त्यांनी विचारलं, "नाकेदारीण, नदी बंद व्हाच्या आंधी लारी कवा हाये तुझ्या डेपोतून?"

पावसाळ्यात आष्टीची नदी चढली की लाऱ्या बंद होत. आम्ही आलापल्लीला परतलो तेव्हा शेवटच्या दोनतीनच खेपा उरल्या होत्या. यजमानांनी ड्रायव्हरला सांगून ठेवलं. निघायच्या सकाळी बाई माझ्याकडे आल्या आणि पहिल्यांदाच दाराबाहेर उभ्या राहिल्या. धुतलेलं लुगडं, तेल लावून बांधलेले केस.

"मी कशी दिसतो व? पोरगी भेईल का मले पाहून?"

"नाही भिणार."

मी एका फडक्यात खोबरं आणि गूळ बांधला होता, नातीसाठी. त्यांनी फडकं हातात घेतलं, वास घेतला, आणि माझ्या ओट्यावर ठेवून दिलं.

"रिकाम्या हातानं जाऊ दे," म्हणाल्या. "काई नेलं तं मले वाटन, त्याच्यापायी घरात घेतलं."

डेपोपर्यंत मी सोबत गेले. सागाच्या ओंडक्यांनी लारी गच्च भरली होती. बाई ड्रायव्हरच्या शेजारी चढल्या. मला काय काय बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "सावकाश जा." त्या म्हणाल्या, "मी कुठी चालवून राह्यलो?"

लारी निघाली, पण डेपोच्या टोकाला नाक्यावर थांबली. तिथं लाकडाचा पास तपासत आणि तपासून झालं की फाटकाचा बांबू वर करत. मी उभी होते तिथून सगळं दिसत होतं. शिपाई पास वाचत होता, आणि तेवढ्यात सगुणाबाई लारीतून खाली उतरल्या.  वाटलं, संपलं, बाई परत फिरल्या. त्या लारीच्या सावलीत उभ्या राहिल्या. तोंड माझ्याकडे, पण मला बघत नव्हत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला नाही, त्याचे मी अजून उपकार मानते.

त्याच पावसाळ्यात यजमानांची बदली मेळघाटात झाली. नदी उघडायच्या आत आम्ही दुसऱ्या वाटेनं गेलो. तळ्याकाठच्या त्या घरात काय झालं, नातीनं ओळखलं का, आजी तिथंच राहिली का परत आली, मला कधी कळलं नाही. पुढे आम्ही आणखी लांब लांब गेलो. नवीन गावी नवीन घर लागलं की पहिले काही दिवस मी दार नुसतं लोटून ठेवत असे. कोण येणार होतं, ते मलाच ठाऊक.

त्या सकाळी बाई लारीच्या सावलीतून नाक्यावरच्या हापशापाशी गेल्या. ओणवं होऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं, सुटलेले केस पुन्हा घट्ट बांधले. मग पायरीवर पाय देऊन वर चढल्या आणि दार आतून ओढून घेतलं. शिपायानं बांबू वर केला.